कल

कलत्या उन्हात नांदेडच्या नगीना घाटाच्या पायऱ्यांवर बसले की समोरची गोदावरी वाहते आहे की थबकली आहे, हे बराच वेळ उमगत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे पात्र इतके संथ असते की कुणी सोडलेले झेंडूचे फूल किंवा वाळके पान नजरेने धरून ठेवावे लागते; ते हातभर पुढे सरकले की मगच पटते, या निश्चल दिसणाऱ्या पाण्याला एक दिशा आहे आणि ती आपण पाहायला येण्याच्या फार आधीपासून आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी शेजारी बसला होता. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून तो शिकायला आला, पुढे पुण्यात नोकरीला लागला, आणि सुट्टीत इकडे आला की मला भेटल्यावाचून जात नसे. इकडचे तिकडचे बोलणे सरल्यावर तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला मराठी शिकवली. एक शब्द विचारायचाय. एखाद्या पुरुषाचा जीव पुरुषावरच जडत असंल, तर त्याला आपल्याकडं शिवी सोडून काय शब्द आहे?"

मला उत्तर देता आले नाही. तीन दशके मी शब्दांवर उपजीविका केली. अलंकार, वृत्ते, वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिले. आणि ज्या शब्दाची एका माणसाला उन्हातल्या सावलीसारखी गरज होती, तो माझ्या झोळीत नव्हता. शिव्या मात्र मला ठाऊक होत्या. त्या मी माझ्याच वर्गात ऐकल्या होत्या. मऊ चालीचा, हळू बोलणारा एक मुलगा मला अजून आठवतो. तो कविता वाचायला उभा राहिला की मागच्या बाकावरून कुणीतरी 'बायल्या' म्हणायचे, वर्गात खसखस पिकायची, आणि मी डस्टर टेबलावर आपटून "शांत बसा" म्हणायचो. शांत बसा, एवढेच. तो शब्द ज्याच्यावर फेकला जातो त्याला तो लागतो, हे मी एकदाही म्हणालो नाही. शिक्षकाचे बोलणे मुले विसरतात. त्याचे न बोलणे बहुधा विसरत नाहीत. तो मुलगा पुढे कुठे गेला, त्याचा जीव कुणावर जडला, हे मला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही; पण त्या सोयीस्कर मौनाचे ऋण माझ्या नावावर आहे, आणि असली ऋणे फिटत नसली तरी ती मान्य करणे आपल्या हातात असते.

शब्द होता, मीच त्याच्याकडे पाहिले नव्हते. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी माणसांच्या जगण्याविषयी घरातल्या माणसाला कळेल अशा मराठीत पुस्तकामागून पुस्तक लिहिले, आणि अशा लेखनात 'लैंगिक कल' हा शब्दप्रयोग भेटतो. परिभाषेचे शब्द बहुधा कोरडे असतात, पण हा शब्द हाताळताना मला त्यातला ओलावा जाणवू लागला. कल हा आपल्या घरातला, शिवारातला शब्द. दिवस कलतो, जुनी भिंत कलते, तराजूची दांडी कलते. समोरच्याचा कल पाहून आपण आपले बोलणे बेतशीर करतो. आणि बांध कुठे घालायचा हे ठरवण्याआधी शेतकरी रानाचा कल पाहतो. या सगळ्या उपयोगांना जोडणारा एक धागा आहे: कल कुणी ठरवत नाही, तो असतो, आणि शहाणपण तो ओळखण्यात असते. २०१६ साली आपल्या राज्यात दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू झाली तेव्हा हेच शहाणपण शासनाच्या कागदावर उतरले होते, की मुलाच्या मनाची ओढ आधी जाणून घ्यावी आणि मग त्याला वाट सुचवावी. मुलाचा गणिताकडचा कल आपण शोधतो, चित्रकलेकडचा शोधतो. त्याच्या हृदयाचा कल मात्र शोधायचा नसतो, तो गृहीत धरायचा असतो, अशी आपली समजूत.

आणि तो त्या गृहीताबाहेर निघाला की पहिला प्रश्न येतो: हे त्याने निवडले का? या प्रश्नामागे लोकांच्या मनात एक चित्र असावे, आणि आमच्या भागापुरते ते मला लातूरच्या गंजगोलाईचे वाटते. १९१७ साली उभी राहिलेली ती वर्तुळाकार वास्तू, मध्ये जगदंबेचे मंदिर, आणि किरणांसारखे फुटलेले सोळा रस्ते. एकावर सोन्याची दुकाने, दुसऱ्यावर चपलांची, तिसऱ्यावर मिरची आणि गूळ. लोकांना वाटते, माणूस वयात येतो म्हणजे अशा गोलाईच्या मधोमध येऊन उभा राहतो, सोळा वाटांकडे पाहतो, आणि कुणी वाईट संगतीने, कुणी शहराच्या वाऱ्याने, कुणी मोबाइलच्या नादाने आडवाटेला लागतो. मग त्याला हाताला धरून पुन्हा गोलाईत आणावे, समजवावे, धाक दाखवावा, नवस बोलावा, स्थळ पाहावे, म्हणजे तो रुळलेल्या रस्त्याने चालू लागेल. पण मी स्वतःला विचारतो, आणि वाचकहो, तुम्हीही क्षणभर विचारून पाहा: तुम्ही त्या गोलाईत कधी उभे होतात? ज्या वयात एखाद्या आवाजाने छातीत धडधड होऊ लागली, प्रार्थनेच्या रांगेत एकाच चेहऱ्याकडे नजर पुन्हा पुन्हा वळू लागली, त्या वयात पर्याय मांडून, साधकबाधक विचार करून, कुणावर जीव जडवायचा याचा निर्णय तुम्ही घेतला होता का? मला तो दिवस आठवत नाही, कारण तसा दिवस उगवलाच नव्हता. आपल्यापुरते ज्याला आपण निसर्ग म्हणतो, त्यालाच दुसऱ्याच्या बाबतीत निवड म्हणण्याची घाई आपल्याला का होते?

हा प्रश्न लातूर-नांदेडच्या संदर्भात मला अधिकच अस्वस्थ करतो. लातूर पॅटर्नच्या कीर्तीने भारलेल्या या दोन शहरांत चौदा-पंधरा वर्षांची लेकरे खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी आणि गादी घेऊन येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांच्या वेळापत्रकात बांधली जातात. त्यातल्या किती जणांनी विज्ञान शाखा निवडलेली असते? शाखा वडिलांनी ठरवलेली, गाव जन्माने ठरवलेले, आडनाव आणि जात आजा-पणजाने आणून ठेवलेली, पुढे जोडीदार पाहुण्यांच्या बैठकीत ठरायचा, लग्नाची तारीख गुरुजींनी काढायची. ज्या आयुष्यात पायातल्या चपलेपासून कपाळावरच्या मुंडावळ्यांपर्यंत जवळजवळ सगळे इतरांनी निवडलेले असते, त्या आयुष्यात नेमकी हीच एक गोष्ट त्याने स्वतः होऊन, समजून उमजून निवडली असेल, यावर आपण किती सहज विश्वास ठेवतो. आपण निवडीचे स्वातंत्र्य मुलाला फक्त तिथे बहाल करतो, जिथे त्याला दोष द्यायचा असतो.

म्हणून या प्रश्नाकडे पाहताना मला गोलाईपेक्षा नदी जवळची वाटते, आणि तीही मांजरा. बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरच्या शिवारांतून पूर्वेला आणि आग्नेयेला वाहत जाते, कर्नाटकात बीदरकडे उतरते, तेलंगणात शिरते. आणि आता ही दक्षिणेकडची कुठलीतरी नदी गाठणार असे वाटत असतानाच वळते आणि उत्तरेकडे चालू लागते. निजामसागर ओलांडून, नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीपाशी ती गोदावरीला मिळते. नकाशावर बोट ठेवून पाहणाऱ्याला हा प्रवास चमत्कारिक वाटेल: लातूरहून गोदावरी किती जवळ, आणि ही उगमापासून मोजले तर सातशे किलोमीटरचा वळसा घालून जाते. एखाद्याने तिला हट्टी म्हणावे, वाट चुकलेली म्हणावे, उलटी वाहणारी म्हणावे. पण ती उलटी वाहत नाही. पठाराचा कल जिथे ज्या दिशेला आहे, तिथे त्या दिशेला ती सरळच वाहते आहे. तिला उलटी म्हणणाऱ्याच्या हाती नकाशा असतो. तिच्या पायाखाली जमीन असते.

या नदीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. २०१६ च्या दुष्काळात तिच्यावरचे धनेगावचे धरण आटले, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि मांजरेच्या पात्रात तडकलेल्या चिखलाखेरीज काही उरले नव्हते. त्या कोरड्या पात्रात उभे राहिले तरी पायांना कळत होते, की पाणी आले तर कुठल्या बाजूने जाईल. पाणी नसले तरी कल असतो. कृती आणि कल यांतला हा फरक ज्यांना कळत नाही ते म्हणतात, 'लग्न करून दिलं, आता तसलं काही राहिलं नाही.' किती माणसे अशी कोरड्या पात्रासारखी जगून गेली असतील, ज्यांच्या वाट्याला हव्या त्या माणसाचा हात एकदाही आला नाही, ज्यांनी कुणाला काही सांगितले नाही, केले नाही, आणि तरीही ज्यांच्या आतली जमीन मरेपर्यंत त्याच दिशेला उतरती राहिली. त्यांच्या संयमाची कुणी नोंद केली नाही, आणि त्यांच्या दुःखाचीही.

विज्ञान याविषयी काय म्हणते, असे मला माझ्या विद्यार्थ्याने विचारले नाही. मीच नंतर शोधत गेलो. एखादे जनुक सापडेल आणि वाद मिटेल, अशी आशा अनेकांना होती. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याने सांगितले, की असे एकच जनुक नाही. असंख्य जनुकांचे अल्प अल्प अंश, गर्भातल्या अवस्था आणि अजून न उलगडलेले पुष्कळ काही मिळून हा कल घडतो. जन्मपत्रिकेसारखे रक्त तपासून कुणाचे हृदय वाचता येत नाही. काहींना हे उत्तर अपुरे वाटले. मला ते समाधान देणारे वाटले, कारण नदीसुद्धा एका झऱ्याची नसते. तिचा मार्ग खडकाने, मातीने, शेकडो ओढ्यांनी आणि कुणी न पाहिलेल्या युगांनी मिळून आखलेला असतो. मार्गाची सगळी कारणे ठाऊक नाहीत म्हणून तो नदीने मनमानीने निवडला, असे कुणी म्हणत नाही. माणसात काही वेळा हा कल आयुष्यभर एकाच दिशेचा असतो, काहींना दोन्ही तीर सारखेच ओढतात, काहींचा प्रवाह वयाबरोबर हलतो. पण आपोआप हलणे वेगळे आणि कुणी ढकलून हलवणे वेगळे.

ज्याला आपल्या दंडविधानाने १८६० पासून निसर्गक्रमाविरुद्धचा अपराध म्हटले, त्याविषयी आपल्या जुन्या शास्त्रकारांची भाषा निराळी होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात 'तृतीया प्रकृती' हा शब्द येतो. त्याचा नेमका आवाका काय याविषयी पंडितांनी वाद घालावा. मला त्यातला दुसरा शब्द मोलाचा वाटतो. प्रकृती. विकृतीच्या समोर उभा असलेला शब्द. आणि याच मराठवाड्यात, अठराव्या शतकातल्या औरंगाबादेत, सिराज नावाचा सूफी वृत्तीचा कवी 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीत एका तरुणावरच्या आपल्या प्रीतीची आणि विरहाची कहाणी प्रथमपुरुषात सांगतो, आणि उर्दू काव्याच्या दरबारात त्याचे स्थान मानाचेच राहते. त्याला आजचे नाव चिकटवणे योग्य होणार नाही. काळाने ज्यांना नाव दिले नाही त्यांना ते आपण बळेच देऊ नये. वारकरी संतांनी विरहिणी आणि गवळणी रचताना स्त्रीच्या आवाजात आर्त व्हावे, लातूर-नांदेडच्या लिंगायत परंपरेत शरणाने स्वतःला सती मानून लिंगाला पती मानावे, याचा अर्थही भलता लावू नये. भक्ती आणि कामना या वेगळ्या वाटा आहेत. पण ज्या भूमीवर पुरुषाने प्रियतमाला हाक मारली तर ती हाक ऐकून माणसे भजनात डोलली, त्या भूमीला माणसाच्या मनाचे बहुरूप अगदीच अपरिचित होते, असे मला म्हणवत नाही.

परिचय मात्र आपण सोयीने वाटून घेतला. बालगंधर्वांच्या शालूच्या पदरावर अवघा महाराष्ट्र लुब्ध झाला आणि तमाशातल्या नाच्याला पाहून हसला. गणपत पाटलांसारखा घरसंसार असलेला कसदार नट पडद्यावरच्या त्या भूमिकेच्या सावलीतून आयुष्यभर बाहेर येऊ शकला नाही, कारण प्रेक्षक ती सावली सोबत घरी घेऊन गेले. यल्लम्माच्या जोगत्याच्या परडीत आपण भक्तिभावाने जोगवा घातला, पण त्याला पंगतीला शेजारी बसवले नाही. त्यात एक घोळही आपण करून ठेवला: कुणाचे मन कुणाकडे ओढते आणि कुणाला स्वतः पुरुष वाटते की स्त्री, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चारचौघांसारख्या दिसणाऱ्या, मिशीला पीळ देणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या पुरुषाचा कल पुरुषाकडे असू शकतो. भाकरी थापणाऱ्या, कुंकू लावणाऱ्या बाईचा बाईकडे असू शकतो. तो चेहऱ्यावर लिहिलेला नसतो, म्हणून ही माणसे आपल्यात नाहीतच असे आपल्याला वाटते. ती आहेत; फक्त आपण हसत असताना तीही आपल्यासोबत, आतून गोठून, हसत असतात.

आता एक क्षण असे धरून चालू, की माझे सगळे म्हणणे चुकीचे आहे आणि ही निवडच आहे. मग काय बदलते? मराठवाड्याने या प्रश्नाचे उत्तर एकदा फार मोठी किंमत देऊन शिकायला हवे होते. जात कुणी निवडत नाही, ती जन्माने येते. पण जन्मजात असण्याने दलितांचा अपमान टळला नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा याच नांदेड-परभणीच्या गावांत वस्त्या पेटल्या, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. उलट धर्म ही निवड असू शकते, हे डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात लाखो अनुयायांसह दाखवले. पण निवड केली म्हणून त्यांचा सन्मान कमी होत नाही. म्हणजे जन्मजात असणे हे तिरस्कारापासून कवच नाही, आणि निवडलेले असणे हा तिरस्काराचा परवाना नाही. दोन सज्ञान माणसे परस्परांच्या संमतीने, कुणालाही न दुखावता, एकमेकांवर प्रेम करत असतील, तर त्यांची प्रतिष्ठा जीवशास्त्राच्या निकालावर टांगून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? 'ते बिचारे तसेच जन्मले, काय करणार' या वाक्यातली दयाही मला म्हणूनच अपुरी वाटते. माणसाला माफी नको असते, जागा हवी असते.

खरोखर कुणी निवड करत असेल तर ती आपण करतो. सोयरिकीच्या बैठकीत करतो. 'एकदा दोनाचे चार हात झाले की सगळं सुरळीत होतं' असे म्हणत मुलाच्या मूक नकारावर आपण अक्षता टाकतो, आणि त्या मांडवात दोन आयुष्ये बुडतात. मुलाविषयी बोलणारे हळूहळू वाढत आहेत. त्या मुलीविषयी अजून फारसे कुणी बोलत नाही. बस्ता बांधून, वडिलांच्या कर्जावर सोने अंगावर घालून ती या घरात येते, रात्रीमागून रात्र स्वतःतच काहीतरी कमी आहे असे समजत आरशासमोर उभी राहते, आणि दोन वर्षांत पाळणा हलला नाही की दवाखान्याच्या आणि देवऋषीच्या पायऱ्या तिच्याच वाट्याला येतात. आणि जिचा स्वतःचाच कल दुसऱ्या स्त्रीकडे आहे, तिला तर नकार उच्चारण्याइतकीही जागा नसते. पुरुषाला पुण्या-मुंबईची रात्रीची गाडी तरी असते, तिला उंबरा असतो. कल निवडता येत नाही, पण सत्य सांगणे निवडता येते. आणि सत्य सांगणाऱ्याला घराबाहेर काढायचे की घरात घ्यायचे, हेही निवडता येते. नीतीचा प्रश्न जर कुठे असेलच, तर तो इथे आहे.

मराठीत हे बोलायला कुणी सुरुवातच केली नव्हती, असेही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील ठरवून खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले. पण हरलेले काही खटले पुढच्या पिढ्यांच्या बाजूने लढलेले असतात. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली, आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्राची व्यथा तिच्या एका मित्राच्या तोंडून सांगितली. त्या रचनेत मला एक सूचन दिसते: अशा माणसाची गोष्ट जगात टिकायची असेल, तर ती ऐकणारा एक तरी मित्र लागतो.

ऐकणे म्हणजे काय, हे मला अलीकडे एका न्यायमूर्तींनी शिकवले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात, घर सोडून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण न्या. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर आले. निकाल देण्यापूर्वी आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही हे त्यांनी मान्य केले, ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसले, आणि आपले पूर्वग्रह कसे गळत गेले हे आदेशातच लिहिले. त्या प्रकरणातूनच पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा कल 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. जो आजारच नाही त्याला औषध कुठून असणार? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानाच्या कलम ३७७ मधून सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना वगळले. विवाहाची दारे २०२३ च्या निकालाने उघडली नाहीत, हेही खरे. पण कायदा दिल्लीत बदलतो आणि चावडीवर पोहोचायला त्याला पिढ्या लागतात. उलट कधी माणसेच कायद्याच्या पुढे चालतात: पैनगंगेपलीकडे, नांदेडच्या शेजारच्या यवतमाळात, २०१७ च्या अखेरीस, म्हणजे २०१८ चा तो निकाल यायच्या आधीच, एका मराठी तरुणाने आपल्या जोडीदाराशी आप्तमित्रांच्या साक्षीने लग्नसोहळा केला. त्या सोहळ्याला गेलेल्या पाहुण्यांचा मला नेहमी विचार येतो. नाते मान्य करायला निकालपत्र लागत नाही, पत्रिका आली की घरातून निघावे लागते.

त्या संध्याकाळी घाटावर माझा विद्यार्थी उठण्यापूर्वी म्हणाला, की त्याने आईला फोनवर सांगितले होते. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. आई दिवसभर रानात होती. ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडून फक्त रातकिड्यांचा आवाज येत होता. मग तिने विचारले, "जेवलास का बाळा?" तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "आधी जेव. मग बोलू. दिवाळीला ये." एवढेच. "सर, ह्याचा अर्थ काय घ्यायचा?" त्याने मला विचारले. त्या दिवशी त्याच्या दोन्ही प्रश्नांना मी निरुत्तर झालो. आज दोन्हींची उत्तरे मला ठाऊक आहेत. पहिल्याचे उत्तर पिढ्यानपिढ्या माझ्या भाषेत, बांधावर आणि तराजूत, पडून होते. दुसऱ्याचे उत्तर त्या माउलीने कुठलेही शास्त्र न वाचता दिले होते: कारण समजेपर्यंत लेकराला उपाशी ठेवायचे नसते.

वाचकहो, उद्या तुमच्या घरातले कुणी, मुलगा, मुलगी, पुतण्या, भाची, कातर आवाजात तुम्हाला असेच काही सांगेल. हे का झाले, कुणाच्या संगतीने झाले, कुणाचे चुकले, हे प्रश्न तुमच्या जिभेवर येतील. ते तिथेच थांबवा. आधी ताट वाढा.